तुझ्या नावाचं क्लब हाउस

आई, कॉलनीचं मैदान आता नाही. तुला हे कुणी कळवलं नसणार, आणि तू जाऊन इतकी वर्षं झाली की कळवायची वेळही केव्हाच टळून गेली. तरी लिहिते, कारण ज्यांच्याशी हे बोलायला हवं ते सगळे आता माझ्याच बिल्डिंगमध्ये राहतात आणि त्यांच्यातल्या एकाशीही बोलावंसं मला वाटत नाही. लिफ्टमध्ये भेटले की ते हसतात. मी मजल्याचे आकडे बदलताना बघत उभी राहते.

मैदान म्हणजे तरी काय होतं? चारी बाजूंनी आपली बसकी घरं, मध्ये खोलगट रिकामी जागा, कडेला तुझ्या बालवाडीची पत्र्याची शेड. कॉलनी वसवणाऱ्यांनी, म्हणजे तुम्हीच, शाळेतले, बँकेतले, एसटीतले लोक, ती जागा मुद्दाम मोकळी सोडली होती. पावसाळ्यात आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्यांचं पाणी तिथं येऊन साचायचं आणि सावकाश जिरायचं. चार दिवस मुलांना खेळता यायचं नाही, बेडूक ओरडायचे, पण पाणी कुणाच्या उंबऱ्याला लागायचं नाही. बाबा म्हणायचे, ही आपल्या कॉलनीची परात आहे. सांडायचं ते तिच्यात सांडतं.

सकाळचं स्वयंपाकघर मला अजून नाकानं आठवतं. तू पदर खोचून मोठ्या पातेल्यात मटकीची उसळ ढवळते आहेस, मी एका पायात मोजा घालून दुसरा शोधते आहे, आणि दारात मागच्या गल्लीतली मावशी उभी आहे, पातेलं न्यायला. नुकतीच लग्न होऊन आलेली, तुझ्या हाताखाली मदतनीस म्हणून लागलेली. पातेल्याचा एक कान तिच्या हातात, एक तुझ्या हातात, आणि वाफेनं दोघींचे चेहरे घामेजलेले. मागची गल्ली म्हणजे भिंतीपलीकडची वस्ती. हमाली करणारी माणसं, हळदीच्या गोदामात निवडायला जाणाऱ्या बायका. त्यांची मुलं आणि कॉलनीतली मुलं तू एकाच सतरंजीवर बसवायचीस. एकदा शेजारच्या काकू तुला शेडच्या दारात गाठून म्हणाल्या होत्या, "बाई, शिकवा तुम्ही त्यांनाही, आमचं काही म्हणणं नाही. पण खाताना तरी आमच्या मुलांना वेगळं बसवत जा." तू हातातला डाव पातेल्यावर आपटून उसळ झाडलीस आणि शांतपणे म्हणालीस, "तुमचा घरी घेऊन जा. तेवढी एका मुलाला जागा होईल." काकू निघून गेल्या. मुलगा मात्र राहिला. तो पहिले कितीतरी दिवस नुसता रडायचा आणि मावशीच्या कडेवरून खाली उतरायचा नाही. तिच्या खांद्यावर त्याची लाळ आणि शेंबूड वाळलेला असायचा.

तोच आता सोसायटीचा चेअरमन आहे.

रिडेव्हलपमेंटची मीटिंग तुझ्या शेडमध्येच झाली. बालवाडी बंद पडली तशी शेड लग्नाची भांडी ठेवायला आणि मीटिंगला वापरायचे. बिल्डर पुण्याहून आला होता. आल्या आल्या म्हाताऱ्यांच्या पाया पडला, सगळ्यांना काका, काकू, मावशी करत सुटला. टेबलावर काचेच्या पेटीत बिल्डिंगचं मॉडेल ठेवलं होतं, त्यात हिरव्या स्पंजची झाडं आणि बोटाएवढी माणसं. आपलं मैदान कुठं आहे म्हणून मी वाकून बघितलं. मैदानावर पार्किंग होतं आणि पार्किंगच्या डोक्यावर क्लब हाउस. मी उठून म्हणाले, "ही जागा खोलगट आहे. सगळं पाणी इथं येतं. इथं भराव घातलात तर ते जाणार कुठं?" बिल्डरबरोबरचा टाय घातलेला माणूस म्हणाला, "मॅडम, ड्रेनेजचं पूर्ण डिझाईन झालंय. आपल्या प्लॉटमध्ये एक थेंब थांबणार नाही." माझ्याशेजारचे लोक समाधानानं मान हलवायला लागले. आपल्या प्लॉटमध्ये थांबणार नाही! मग तो कुठं थांबेल, हे विचारायची गरज त्या शेडमध्ये दुसऱ्या कुणालाही वाटली नाही.

मग चेअरमन उठला. "ताई, तुमच्या भावना कळतात आम्हाला. पण आता कॉलनीत लहान मुलं आहेतच कुठं? सगळी पुण्यात, नाहीतर बाहेरदेशी. मैदान कुणासाठी ठेवायचं?" भिंतीपलीकडं त्या वेळी मागच्या गल्लीतल्या पोरांचा क्रिकेटचा कालवा चालला होता. तो आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. माझं तोंड बंद करण्यासाठी म्हण, की त्याला खरंच तसं वाटलं म्हणून म्हण, तो पुढं म्हणाला, "आणि आपण असं करू, क्लब हाउसला बाईंचं नाव देऊ." टाळ्या, आई. ज्यांना तू नाक पुसायला शिकवलंस ती पन्नाशीची माणसं टाळ्या वाजवत होती. दोघीतिघींनी तर डोळे पुसले, आणि तेच हात मैदान देऊन टाकायच्या ठरावाला वर केले. मी हात वर केला नाही. त्यानं काही अडलं नाही. बहुमत झालं होतं.

बांधकाम होईपर्यंत मी साताऱ्याला लेकीकडं राहिले. तिथं काही वेगळं असेल असं मला वाटलं होतं. तिच्या बिल्डिंगच्या नावातच अजिंक्यतारा आहे, कारण गॅलरीतून किल्ला दिसतो असं सांगून फ्लॅट विकले होते. आता समोर दुसरी बिल्डिंग उभी राहिली आहे, तिच्याही नावात किल्ला आहे, आणि लेकीच्या गॅलरीतून तिथल्या लोकांचे वाळत घातलेले टॉवेल दिसतात. मेढ्याच्या बाजूला जाताना डोंगराची कूस उकरून लाल करून टाकली आहे. जावई म्हणाले, "आई, डेव्हलपमेंट आहे ही." दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या माणसानं किती बोलायचं?

परत आले तेव्हा आपलं घर कुठं होतं हेही मला ओळखता आलं नाही. कॉलनी माणसाच्या उंचीनं वर उचलली होती. चारी बाजूंनी भिंत, फाटकावर वॉचमन, आणि पायऱ्या चढून गेलं की काचेच्या दारावर सोनेरी अक्षरांत तुझं नाव. आत दोन व्यायामाची यंत्रं प्लॅस्टिकच्या आवरणासकट उभी होती. खाली सगळ्या फरश्या गुळगुळीत पांढऱ्या. उद्घाटनाला मला रिबीन कापायला बोलावलं होतं. मी डोकं दुखतंय म्हणून गेले नाही. पेढे घरपोच आले.

ऑगस्टात धरणातून पाणी सोडलं आणि इथं सांगलीत नेहमीसारखं सुरू झालं. आयर्विन पुलापाशी पाणी कुठवर आलं, याशिवाय कुणाच्या तोंडात दुसरा विषय नाही. यंदा नदी आपल्या भागात आली नाही. आला तो नुसता वरचा पाऊस, आणि तो पूर्वी जिथं जायचा ती परात आम्ही उपडी घालून तिच्यावर गाड्या लावल्या होत्या. आमच्या भिंतीतून ठेवलेल्या पाइपांतून पाणी बदाबद मागच्या गल्लीत पडत होतं. डिझाईन अगदी बरोबर होतं. आमच्या प्लॉटमध्ये एक थेंब थांबला नाही.

सकाळी बघते तर मागच्या गल्लीत मांडीइतकं पाणी. माणसं डोक्यावर गॅसच्या टाक्या घेऊन चालली आहेत, एक म्हातारा कॉटवर उभा राहून भिंतीवरचा फोटो काढतो आहे. आणि माझ्या वरच्या, खालच्या, बाजूच्या गॅलऱ्यांतून लोक मोबाइल धरून व्हिडिओ घेत आहेत. शेजारीण मला म्हणाली, "बरं झालं बाई आपण वेळेत केलं, नाहीतर आपलंही असंच झालं असतं." तिच्या हातात चहाचा कप होता. मला तो तिच्या हातातून घेऊन खाली फेकावासा वाटला.

खाली फाटकाशी आवाज चढला होता म्हणून मी गेले. मावशी उभी होती. सत्तरीची बाई, कमरेपर्यंत भिजलेली, बरोबर सुनेनं हातगाड्यावर शिलाई मशीन आणि धान्याचा डबा लादून आणलेला. वॉचमन आत सोडत नव्हता. चेअरमन छत्री घेऊन उभा होता.

"आवं, पानी उतरंपातुर ऱ्हाऊ द्या की वर," मावशी त्याला म्हणत होती. "मानसं जातील शाळंत. हे भिजलं तर पोरीचं पोट जाईल. मशिनीवरच हाय समदं."

"मावशी, मला समजतंय," तो म्हणाला. "पण एकाला घेतलं की सगळी गल्ली येईल. त्या फरशा आहेत, चिखलानं वाट लागेल. सोसायटीचा नियम आहे, बाहेरच्यांना क्लब हाउस देता येत नाही."

"भाईरची?" मावशी म्हणाली. ती ओरडली नाही. तिनं त्याच्याकडं नीट निरखून पाहिलं, लहान मुलाला ताप आहे का ते बघावं तसं. "बरं," म्हणाली, आणि हातगाडा वळवायला लागली.

मी तो धरला. मशीन आणि डबा लिफ्टमधून माझ्याकडं नेला. लिफ्टमध्ये चिखल झाला, त्यावर दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसकट मेसेज आला. सून मुलाबाळांना घेऊन माहेरी गेली, मावशी माझ्याकडं राहिली. संध्याकाळी मी चेअरमनच्या दारात गेले. म्हटलं, "क्लब हाउस उघडत नसाल तर दारावरचं आईचं नाव काढा." तो म्हणाला, "ताई, चिडून असं काही करायचं नसतं. पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ." त्याच्यामागं त्याची आई, त्याच त्या काकू, सोफ्यावर बसून टीव्हीवर पुराच्या बातम्या बघत होत्या. मला म्हणाल्या, "काय गं हे लोकांचे हाल!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी स्टूल आणि स्वयंपाकघरातलं उलथनं घेऊन खाली गेले. अक्षरं चिकटवलेली होती. उलथन्याचं टोक आत घालून एकेक अक्षर उचकटून काढलं. वॉचमन "मॅडम, मॅडम" करत राहिला. येणारे जाणारे थांबून बघत होते, पण कुणी जवळ आलं नाही. या वयात स्टुलावर चढलेल्या बाईला अडवायचं धाडस कुणाला झालं नसेल. शेवटचं अक्षर निघालं तेव्हा मला फार बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तोंडातली घाण चव गेल्यासारखी झाली. वर येऊन मी अक्षरांची पिशवी मावशीपुढं ठेवली. तिनं शाबासकी द्यावी असं माझ्या मनात होतं.

मावशीनं एक अक्षर उचलून पदरानं पुसलं. तिला वाचता येत नाही, पण तुझं नाव तिला आकारानं ओळखू येतं. बालवाडीच्या फळ्यावर इतकी वर्षं ते होतं.

"कशाला काढलासा, ताई?" ती म्हणाली. "बाईंचं नाव दिसलं, म्हनून तर म्या तितं आलो. न्हाईतर त्या बिल्डिंगीच्या दारात कोन जातंय?"

काचेवर गोंदाचे डाग राहिले आहेत आणि त्यांतून तुझं नाव नीट बघणाऱ्याला अजून वाचता येतं. महापालिकेची माणसं येऊन फोटो काढून गेली. पाइप तसेच आहेत. पाणी उतरल्यावर मावशी घरी गेली, आणि आता पुढच्या पावसाआधी उंबऱ्यावर विटांचे थर वाढवून घ्यायचं म्हणते आहे. मला सोसायटीची नोटीस आली आहे, मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल. ते मी भरणार नाही. त्यांना माझ्या दाराशी येऊ दे, मग बघू.

हे लिहून तरी कुठं पाठवू? तुझा कुठलाच पत्ता नाही, आणि हा कागद मी कुणाच्या हाती पडू देणार नाही, कारण एवढं सगळं थुंकून झाल्यावरही एक गोष्ट उरते. हे घर चांगलं आहे, आई. छत गळत नाही, वारा येतो, गुडघ्यांना जिना चढावा लागत नाही. मावशी माझ्याकडं होती त्या पहिल्या रात्री ती दिवाणावर बसूनच होती, खाली गल्लीत कुणी हाक मारली की खिडकीशी जायची. हे मला तिनं सकाळी चहा घेताना सांगितलं. मला काहीच माहीत नव्हतं. मी गाढ झोपले होते.