स्थान कंपनी ठरवील

२४ फेब्रुवारी, मंगळवार

जावयाने आज कुटुंबाच्या गटावर टाकलेला वृत्तान्त साफ चुकीचा आहे. वाक्य जसेच्या तसे उतरवितो : "सगळ्यांच्या संमतीने जागा न निवडता स्वस्तातली केबिन घेतली, बाबांनाही ते चालणार होतं." एका वाक्यात तीन असत्ये!

पहिले — 'सगळ्यांच्या'. मी या घरात आहे आणि माझी संमती कोणी घेतलेली नाही. दुसरे — 'स्वस्तातली'. हा शब्द जावयाशी झालेल्या बैठकीत उच्चारलाच गेला नव्हता. तिसरे — 'बाबांनाही चालणार होतं'. बाबांना चालणे शक्यच नाही. नाटकाला गेलो तरी खुर्चीचा क्रमांक दोनदा ताडून पाहिल्याशिवाय मी टेकत नाही.

खरी हकीकत अशी. ११ जानेवारी, रविवार. जावई चहाला आला असता मी त्याला चार अटी सांगितल्या : खिडकी हवी, खिडकीपुढे मोकळा समुद्र हवा, केबिन जहाजाच्या मध्यावर हवी, कारण तेथे हेलकावे कमी, लिफ्ट जवळ हवी. त्याने लिहून घेतल्या. मी त्याच्याकडून वाचून घेतल्या. १९ जानेवारीस आरक्षणाचा कागद आला. त्यावर काय? — "बाह्य केबिन. स्थान कंपनी ठरवील."

चौतीस वर्षे मी नगरपालिकेच्या सभांची इतिवृत्ते लिहिली. कोण काय बोलले यावरून दोन सभासद हमरीतुमरीवर आले की माझी वही मागविली जाई आणि तेथे वाद संपे. आणि आज माझ्याच घरात माझ्या नावावर न दिलेली संमती!

हौस म्हणून हे चाललेले नाही. हिच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. डॉक्टरांनी डिसेंबरात सांगितले — दृष्टी हळूहळू जाणार, वर्षभर हाताशी आहे, जे पाहावयाचे ते पाहून घ्या. हिने आजवर खिडकीतून पाहिले काय? समोरच्या इमारतीची गच्ची आणि तीवरील पाण्याच्या टाक्या. म्हणून मी ठरविले : आठ दिवस हिने सकाळी पलंगावर उठून बसावे आणि समोर पाण्याशिवाय दुसरे काही नसावे. एवढी एकच मागणी होती. ती जावयाने चार पैशांसाठी धुळीस मिळविली.

हिला सांगितले, तर म्हणते, "अहो, जाऊ द्या ना. चांगला मुलगा आहे तो."

चांगला असेल. खरा नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

गटावर सविस्तर खुलासा टाकला. सात मुद्दे, क्रमवार. जावयाने अंगठ्याचे चित्र पाठविले. कन्येने जोडलेले हात पाठविले. शब्द कोणीच पाठविला नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीस दूरध्वनी केला. वीस मिनिटे तेच ते वाद्यसंगीत. मग एक बाई.

"काका, तुमची गॅरंटी केबिन आहे."

"गॅरंटी कशाची?"

"केबिन मिळण्याची."

"पैसे भरल्यावर केबिन मिळते, हे मी गृहीतच धरले होते. ती कोठे मिळेल?"

"ते आम्ही ठरवणार ना, काका! म्हणून तर रेट कमी असतो. शेवटी ज्या उरतात त्यांतली कुठलीही. पुढची, मागची, खालची. कधीकधी एकदम मस्तसुद्धा लागते."

"लागते? ही सोडत आहे काय?"

"तुम्ही एवढं टेन्शन घेऊ नका हो."

फरकाची रक्कम देतो, जागा निवडू द्या, असे मी सांगितले. आता बदल होणार नाही म्हणे. आरक्षण करणाऱ्याने अट मान्य केलेली आहे. आरक्षण करणारा म्हणजे आमचे जावईबापू! न वाचता चौकटीत खूण केली असणार. हल्ली अटी वाचतो कोण?

ही शेजारी बसून शेंगा सोलत होती. म्हणाली, "ती बिचारी पोरगी नोकरी करते. तिला कशाला झापता?"

४ मार्च, बुधवार

केबिनचा क्रमांक आला. जहाजाचा नकाशा काढून भिंग लावून पाहिले. पार शेपटाशी! लिफ्टपासून एकोणचाळीस दारे. हिच्यापुढे नकाशा धरला. हातात घेतला, परत दिला. "मिळाली ना? झालं तर मग."

इतकी बेफिकिरी! जिच्यासाठी जीव टांगणीला लावला तिलाच त्याचे काही नाही.

८ मार्च, रविवार. जहाजावर.

खिडकी आहे. मोठी आहे, स्वच्छ आहे. आणि तिच्यापुढे, काच नसती तर हात लागला असता इतक्या जवळ, केशरी रंगाची जीवरक्षक नौका टांगलेली आहे! खिडकीची चौकट नौकेने काठोकाठ भरली आहे. संकटसमयी दीडशे माणसे तारण्याची तिची क्षमता असल्याचे तिच्या अंगावर लिहिले आहे. आम्हा दोघांचा समुद्र तिने बुडविला.

केबिनची साफसफाई पाहणारे गृहस्थ चादरी घेऊन आले. मी खिडकीकडे बोट केले.

"सर, या बाजूला सगळ्यांनाच बोट दिसते." जणू सर्वांवर अन्याय झाला म्हणजे न्याय झाला!

ही पलंगावर हात मांडीवर ठेवून बसली होती. "छान आहे हो केबिन. गादी किती मऊ आहे."

"गादीसाठी आलो आहोत का आपण? समुद्र कोठे आहे?"

"दिसतो की थोडा. वरच्या फटीतून."

वर चार बोटे फट आहे. तीतून आकाश दिसते, समुद्र नव्हे. मी तसे स्पष्ट केले.

"मग आकाश तर आकाश," म्हणाली आणि लवंडली.

९ मार्च, सोमवार

सकाळी चौकशीच्या खिडकीवर गेलो. पांढऱ्या गणवेशातील अधिकारी अतिशय नम्र आहे. इतका नम्र की त्याच्याशी भांडता येत नाही. "जहाज पूर्ण भरलंय सर. लेखी द्या, बघतो मी."

न्याहारीला शेजारच्या मेजावर एक टोपीवाले गृहस्थ. माझे बोलणे कानावर पडताच खुर्ची वळवून म्हणाले, "आजोबा, आम्हीपण तीच घेतली होती, बिनजागेची! आम्हाला बाल्कनी लागली बाल्कनी! नशीब असावं लागतं." आणि माझ्या पाठीवर थाप मारली. पाठीवर! ओळख ना पाळख!

हिला हसू आवरेना. "एकदा त्यांच्या बाल्कनीत वाकून येऊ या का?"

मी हसलो नाही. दोघांनी सारखेच मूल्य द्यावे, एकाला समुद्र मिळावा आणि दुसऱ्याला नौकेची पाठ — यास नशीब म्हणत नाहीत, अनागोंदी म्हणतात.

दुपारी म्हटले, वर डेकवर समुद्र चहूकडे आहे, चल. "पायऱ्या फार आहेत." आग्रह केला तेव्हा आली. पण सबंध वेळ माझा दंड धरून. वारा नव्हता, जहाज हलत नव्हते. जरा ताठ चाल, लोक पाहतात, असे सांगावे लागले. कठड्याशी पाच मिनिटे उभी राहिली. तोंड पाण्याकडे, पण लक्ष नाही. "इथे वास किती वेगळा आहे नाही?" वास! एवढा मोठा जलाशय पुढ्यात, आणि ही वासावर बोलते!

त्या नौकेने मनच उडविले हिचे, दुसरे काय.

१० मार्च, मंगळवार

अर्ज दिला. चार पृष्ठे. विषय, संदर्भ, वस्तुस्थिती, मागणी. 'बाह्य' या शब्दाचा प्रवाशास होणारा बोध आणि कंपनीस अभिप्रेत असलेला अर्थ यांतील तफावत पृथक् परिच्छेदात दाखविली. हिच्या डोळ्यांविषयीही लिहिले — त्यावाचून गत्यंतर नव्हते. अधिकाऱ्याने तेवढाच परिच्छेद दोनदा वाचला.

रात्रीच्या जेवणात हिने पाण्याचा प्याला लवंडला. टोपीवाल्यांच्या पत्नीच्या साडीवर! मी म्हणालो, लक्ष कोठे असते तुझे? हिने रुमालाने मेज पुसावयास घेतले. टोपीवाले मात्र म्हणाले, "असू दे हो, पाणीच आहे. समुद्रावर आलो आणि भिजलो नाही तर काय!"

त्या माणसाकडून समजूतदारपणा शिकण्याची वेळ आली!

११ मार्च, बुधवार

उत्तर नाही.

कन्येचा दूरध्वनी. मी सर्व प्रकार सांगितला आणि तिच्या नवऱ्याबद्दल माझे मत पुन्हा एकदा नोंदविले.

"बाबा, आईला काय हवंय ते विचारलंत का कधी?"

"विचारावयाचे काय त्यात? तिला समुद्र पाहावयाचा आहे."

"असं ती म्हणाली?"

मागून जावयाचा आवाज — "जाऊ दे गं. मला बोलू देत त्यांना. काही होत नाही." निर्ढावलेला! चूक कबूल करण्याची ही रीत? मी फोन ठेवला.

१२ मार्च, गुरुवार

मिळाली!

अधिकारी स्वतः केबिनवर आला. काल बंदरात एक दांपत्य प्रकृतीच्या कारणाने उतरले, त्यांची जागा रिकामी झाली. आठवा मजला, अगदी मध्य, लिफ्टपासून तीन दारे, पुढे काहीही नाही. जास्तीचे शुल्क नाही. "तुमचा अर्ज वाचून वर पाठवला होता, सर," म्हणाला. चार पृष्ठे वाया जात नाहीत! हे जावयाला मुद्दाम कळवावयाचे, असे मनात योजिले.

सामान पुढे गेले. मी हिला हाताला धरून नेले. दार उघडले. खिडकी भिंतभर. तीवर फिकट रंगाचा पडदा, आणि त्याच्या पाठीमागे दुपारचे सरळ ऊन — पडदा नुसता पेटल्यासारखा उजळला होता. मी हिला समोर उभी केली आणि पडद्याची दोरी ओढावयास गेलो. दोरी अडकली. गाठ सोडवीत होतो.

मागून ही म्हणाली, "अहाहा! केवढा समुद्र हो! आणि चमकतोय कसा! बरं झालं भांडलात ते."

दोरी माझ्या हातात होती. पडदा बंद होता.

मी वळून पाहिले. ही हसत होती. दोन्ही हात पुढे धरून, समोर पाहत.

"हो," मी म्हणालो. "चमकतो आहे."

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी विचारले. तिने सगळे सांगितले, न रडता. लिहिणे होत नाही.

१४ मार्च, शनिवार

तारखा हिच्याकडून पडताळून घेतल्या. या वहीत व मागील वहीत पुढीलप्रमाणे दुरुस्ती व्हावी.

२४ फेब्रुवारी — 'तीन असत्ये'. एकही नाही. बाबांना चालेल, असे जावयाला हिनेच सांगितले होते. त्याने विश्वास ठेवला, आणि नंतर माझे सर्व ऐकून घेतले.

१९ जानेवारी — 'जावयाने अटी डावलल्या'. चूक. १६ जानेवारीस त्याने चारही अटींप्रमाणे केबिन निवडली होती. १७ जानेवारीस हिने फोन करून ती बदलावयास लावली. हिचे शब्द : "मला खिडकी काय नि भिंत काय. उगाच पैसे घालवू नकोस. आणि यांना कळू देऊ नकोस, नाहीतर यायचेच नाहीत."

११ जानेवारी — 'हिला समुद्र दाखवावयाचा म्हणून सहल ठरविली'. हिने तसे कधीही मागितले नव्हते. जहाजाने जाण्याचे मी बोललो होतो, लग्नाच्या पहिल्या वर्षी. तारीख हिला आठवते. मला नाही.

१२ डिसेंबर — 'डॉक्टर म्हणाले, वर्षभर हाताशी आहे'. मी आत नव्हतो. बाहेर फलकावरील अशुद्ध शब्द तेथील लिपिक बाईंना दाखवीत होतो. डॉक्टर म्हणाले होते, आता उजेड आणि अंधार, इतकेच उरले आहे. 'वर्षभर' हे हिने घातले.

२ नोव्हेंबर — 'हिने वर्तमानपत्र वाचून दाखविण्यास सांगितले. ज्याचे त्याने वाचावे, असे मी म्हणालो.' ही नोंद बरोबर आहे. दुरुस्ती नाही.