मागचे चाक आणि शुक्रवारचे ताट

मंगळवार, १२ मार्च. सकाळी आठ वाजून दहा मिनिटे.
माझ्या मोटारसायकलचे मागचे चाक बसलेले आढळले. काल संध्याकाळी ठणठणीत होते. मराकेशातल्या आमच्या या गल्लीत समोरच मिलूदचे कोचांच्या बैठका शिवण्याचे दुकान. तो दिवसभर तोंडात बारीक खिळे धरून कापड ठोकतो. आणखी पुरावा कशाला?

त्याची गिऱ्हाइके माझ्या दारात गाड्या लावत, म्हणून मी उंबऱ्याशी खिळ्यांची फळी ठेवली. वडिलांच्या जुन्या पेटीचे, चौकोनी डोक्यांचे खिळे. त्याचा राग तेव्हापासूनचा.

चाकाचे सांगायला गेले, तर त्याची बायको रकिया म्हणते, "लाल्ला बदीआ, तुमच्या फळीचे खिळे हलतायत बरं का. परवा माझ्या चपलेत घुसला असता." मानाने लाल्ला, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचे आणि विषय बदलायचा, हे हिच्याकडून शिकावे.

कोपऱ्यावरचा पंक्चरवाला मिलूदचा मेहुणा. तिकडे जाणे नाही. पंक्चर घरीच काढणार. सिस्टर्सनी शाळेत आम्हांला मोजे रफू करायला शिकवले होते. ट्यूब म्हणजे काय, मोजाच.

बुधवार, १३ मार्च.
टायर जेवणाच्या चमच्यांनी उचकटला. दोन चमचे वाकले. ट्यूब घंगाळात बुडवली, बुडबुडे आले, पॅच लावला. बसल्या जागेवरून मिलूद म्हणतो, "टायरच्या आतून हात फिरवा, लाल्ला. खिळा राहिला तर पुन्हा बसेल."
संशयिताने तपासात सूचना देऊ नयेत. हात फिरवला नाही.

गुरुवार, १४ मार्च. सकाळ.
चाक पुन्हा बसले. भोक अगदी त्याच जागी. एवढा नेम धरणारा माणूस साधा नव्हे.

मिलूदला पत्र लिहिले. शनिवारी दुपारपर्यंत लेखी खुलासा. टपाल कचेरीच्या तक्रार विभागात आयुष्य गेले माझे, मसुदा एका बैठकीत होतो. रकिया दर शुक्रवारी भोपळा घातलेले कुसकुस, वाफवलेला रवाच तो, आणून देते; मागच्या शुक्रवारचे तिचे ताट घरातच होते. घासून, त्यात पत्र ठेवून परत दिले. बाकी काही ठेवले नाही. चार संत्रीसुद्धा नाहीत. या गल्लीतून ताट रिकामे परत गेलेले मला आठवत नाही. म्हणूनच दिले.

रकियाने ताटाकडे पाहिले. "विसरलात वाटतं?" मी म्हटले, नाही. ताट घेऊन ती आत गेली.

शुक्रवार, १५ मार्च.
ताट आले नाही. बरे झाले, भोपळा मला पचत नाही. ताट घेऊन आली की ती पाच मिनिटे टेकायची, हिचे लग्न, तिची सासू, सगळे ऐकावे लागायचे. तेही वाचले. अंडे उकडून खाल्ले. दुपारी तिची पावले दारावरून पुढे गेली, शेजारच्या म्हाताऱ्याकडे. वास भिंतीवरून येतो, त्याला माझा नाइलाज आहे.

दिवसभरात कोणाशी बोलले नाही. घसा बसल्यासारखा वाटतो. हवा असेल.

शनिवार, १६ मार्च.
मिलूद स्वतः दारात. तळहातावर त्याचा खिळा, तांदळाएवढा. "यानं टायर फाटत असता तर मराकेशात एक गाडी चालली नसती, लाल्ला. लिहून काय देऊ?"
नोंद: खुलासा लेखी नाही. ग्राह्य नाही.

रविवार, १७ मार्च.
पुन्हा प्रयत्न. चमच्याने ट्यूब चिमटली. एका भोकाची तीन झाली. शेवटी मिलूदचा खिळा पकडायचाच म्हणून टायरच्या आत हात घातला. बोट कापले. पक्कडीने ओढून काढला.

डोके चौकोनी.

बाहेरून धुळीत दिसला नसता. दिसला असता, पाहिले असते तर.

फळी पाहिली. एक जागा रिकामी आहे. रकियाने सांगितले होते.

सोमवार, १८ मार्च.
पहिला मसुदा: "खिळा कोणाचा, हा प्रश्न मी औदार्याने बंद करीत आहे." फाडला.
दुसरा: "खिळ्यांच्या दर्जाबाबत." फाडला.

दुपारी बाजारात पायी गेले. निळ्या कागदातला साखरेचा शंकू आणला, रुसवा काढायला नेतात तो, सगळ्यांत मोठा. तो माझ्या चांगल्या ताटात ठेवून, दुकान बंद असताना त्यांच्या उंबऱ्यावर ठेवला. दार वाजवायला हात उचलला होता. वाजवले नाही. सोबतच्या चिठ्ठीची नक्कल:

"रकिया, खिळा माझ्याच फळीचा होता. तू सांगितले होतेस. मिलूदलाही सांग, आतून हात फिरवायला हवा होता. ताट रिकामे दिले ते विसरून नव्हे, आणि तेच वाईट. फळी काढली आहे, दारापर्यंत येता येईल. शुक्रवारी येणार की नाही, एवढे गुरुवारी संध्याकाळच्या बांगेपूर्वी लेखी कळवावे. भोपळा चालेल."