आता भांडू कोणाशी?

हडपसर, पुणे

तीर्थरूप बाबांना,
तुम्हाला आणि आईला नमस्कार.

मी बरी आहे. डबा बरा येतो, फक्त आपल्याकडचं तिखट नसतं. आईचा गुडघा कसा आहे? फोनवर आवाजावरून तुम्ही सगळं ओळखलं असतं, म्हणून लिहितेय.

कॉलेजात थोडं बिनसलंय. महिलांच्या स्पर्धांत ट्रान्स खेळाडूंनी उतरावं का, यावर आमच्या विभागात चर्चा होती. मी म्हटलं, मान सगळ्यांना सारखाच, पण खेळात शरीराचा फरक धरावा लागेल. तेव्हापासून मी स्टाफरूममध्ये गेले की बोलणं थांबतं. रोज माझ्या डब्यातली चटणी खाणाऱ्या हेमाताईसुद्धा आता दुसऱ्या टेबलावर बसतात.

प्राचार्यांनी लेखी माफी मागायला सांगितलं. मी नाही मागितली. मग मी शिकवत होते तो स्त्री-अभ्यासाचा पेपर दुसऱ्यांना शिकवायला दिला. बाबा, रागावू नका. नोकरी शाबूत आहे.

काल साई घरी आली. ती स्वतः ट्रान्स आहे, त्या पेपरला माझीच विद्यार्थिनी होती. दारातूनच म्हणाली, "मॅडम, तुमचं बोलणं मला लागलं. मला ते चूकच वाटतं. पण तुमच्याकडून पेपर काढून घ्यायला नको होता. आता मी भांडू कोणाशी?"

"आत ये," म्हटलं, "माझ्याशीच भांड."

चहा गार होईपर्यंत वाद घातला. तिचे दोनतीन मुद्दे मी वहीत लिहून घेतले. मत दोघींचंही बदललं नाही.

ती गेल्यावर जाणवलं, कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझ्याशी इतका वेळ बोललं होतं.

तुमचीच,
नम्रता