ओरखडे पडले तरी

प्रिय ठमे,

अक्षराला हसू नकोस. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर या हातात पेनापेक्षा सुईदोराच जास्त राहिला. तुझी आई म्हणाली, पत्र कसलं लिहिता, फोन करा की. पण फोनवर तू मध्येच बोलतेस, आणि आज मला मध्ये बोललेलं चालणार नाही.

तर बातमी अशी, की मंगळवारी मी तुझ्या दुकानात येऊन गेले. दचकलीस ना? शेजारच्या शिंपीणबाईंना घेऊन बसने आले आणि फ्रिजांच्या रांगेमागे उभी राहिले. शिंपीणबाई एकेक दार उघडून अशा डोकावत होत्या, जणू कालची आमटी आत ठेवून विसरल्यात. आणि मी तुझ्याकडे बघत होते. निळा सदरा, गळ्यात ओळखपत्र, केस घट्ट बांधलेले. मोठी झालीस गं.

मागच्या आठवड्यात फोनवर तू रडलीस, ते डोक्यातून जात नव्हतं. वाढीव वॉरंटीचे कागद ठरल्याइतके खपले नाहीत, तर महिनाअखेरीला साहेब घरी बसवणार म्हणालीस. आणि मला विचारलंस, आजी, काय करू? मी काय उत्तर दिलं ते तुला आठवतंय. मलाही आठवतंय. त्याच्याकडे येतेच.

तेवढ्यात ते म्हातारं जोडपं आलं. मास्तर असावेत, बिल दोनदा वाचत होते. कपडे धुवायचं मशीन घेतलं आणि विचारलं, पाच वर्षांचा तो कागद घेऊ का? तू म्हणालीस, “आजोबा, मोटरची हमी कंपनी वेगळी देतेच. तुमच्याकडे बिघडेल तो दाराचा रबर, नाहीतर पाण्याचा पाइप. आणि हा कागद नेमका तेच धरत नाही. त्यापेक्षा तेवढे पैसे बाजूला ठेवा.” मास्तरीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, बघा, मी म्हणत नव्हते? त्या काहीच म्हणाल्या नव्हत्या, मी ऐकत होते ना!

मग ती मुलांची आई आली. जुना फोन परत घ्यायच्या योजनेबद्दल विचारत होती. तू म्हणालीस, ओरखडा नको, खोका हवा, चार्जर हवा, ठरल्या मुदतीतच आणायचा आणि नवा इथूनच घ्यायचा. फोन मुलं हाताळतात का? “हाताळतात कसली, चावतात,” ती म्हणाली, आणि दोघी हसलात. पण त्या हेल्मेटवाल्या पार्सलवाल्याला मात्र तू सांगितलंस, “दादा, वर्षात दोनदा काच फुटलीय ना तुमची? तुम्ही काचेचा विमा घ्याच.” म्हणजे नुसती नाही म्हणणारी नाहीस तू. माणूस बघून सांगतेस.

मला आपला मिक्सर आठवला. तू दहा वर्षांची होतीस. त्याचा वॉरंटीचा कागद पाच वर्षं टिकावा म्हणून मी मोठ्या शहाणपणाने बिलासकट प्लास्टिकमध्ये गरम करून पक्का करून आणला, आणि बिल झालं काळंकुट्ट! मिक्सर बंद पडला तेव्हा दुकानदार म्हणाला, आजी, हे काय, कोळसा? घरी येईपर्यंत मी मान वर केली नाही. तू माझं बोट धरून म्हणालीस, त्यांनी आधी सांगायला हवं होतं. तेव्हा वाटलं, पोर आहे, बोलते.

मंगळवारी तुझा साहेब तुला बाजूला घेऊन म्हणाला, “तू दुकानाकडून आहेस की गिऱ्हाइकाकडून?” तू शांतपणे म्हणालीस, “काउंटर मध्येच असतं ना, साहेब.” शिंपीणबाईंनी मला धरून ठेवलं, नाहीतर मी टाळ्याच वाजवल्या असत्या. बसमध्ये अनोळखी बाईला सांगत आले, माझी नात आहे हो ती. बाई पुढच्या थांब्याला उतरली, बहुतेक तिचा थांबा नव्हता.

आता पत्राचं कारण. मी तुला बघायला आलेच नव्हते. फोनवर मी म्हणाले होते, पोटासाठी दोन शब्द खोटे बोललं तर काय बिघडतं, खपव ते कागद. ऐकत नाहीस हे कळलं, म्हणून समोर बसून समजवायला आले होते. फ्रिजामागून बाहेर पडायचं धाडस झालं नाही, कारण सांगायला काही उरलंच नव्हतं. ते माझे शब्द मी परत घेते. नोकरी राहिली तर आनंद, गेली तर सरळ घरी ये. आमच्याकडे बारीक अक्षरातल्या अटी नाहीत. ओरखडे पडलेली ये, खोका हरवून ये, मुदत उलटून ये, आम्ही परत घेतो. आणि हा कागद प्लास्टिकमध्ये घालू नकोस.

तुझ्यामुळे मान वर करून चालणारी,
तुझीच आजी