राजेश्रीसाठी चार रंगांचं पत्र

२२ सप्टेंबर, सोमवार
राजेश्री या महिन्यात नऊ दिवस शाळेत नाही. तिच्या वर्गशिक्षिका सुकेशनी मॅडम यांनी फोनवर खात्रीने सांगितलं. सहावीतली हुशार मुलगी, पालमजवळच्या खेड्यातली, दम्याची माझी पेशंट. ठरवलं: शाळेतल्या गैरहजेरीवर काम करणारा गंगाखेडमधला पहिला बालरोगतज्ज्ञ मीच.

२३ सप्टेंबर
मॅडमचा पुन्हा फोन. नऊपैकी चार दिवस सोमवारचे निघाले, म्हणजे माझ्याच फॉलोअपचे. तुमची ओपीडी अकराला उघडते, परतीची एसटी दोनला, मग पोरीनं शाळेत यायचं कधी, असं विचारत होत्या. टोन बरा नव्हता. मुद्दा मात्र माझ्या मनात आधीपासून होताच. १ ऑक्टोबरपासून सकाळी सातची ओपीडी, शाळेच्या आधी.

६ ऑक्टोबर, सोमवार, सकाळी ९.४०
सातची ओपीडी आजपासून. (१ तारखेला दसऱ्याची गडबड.) उठायला जरा उशीर झाला. कंपाउंडर बन्सीधर म्हणाला, अकरा लेकरं दप्तरासकट बसली होती, आठला उठून गेली. शाळेतच गेली असणार. म्हणजे उद्देश सफल.

१४ ऑक्टोबर
राजेश्रीची आई दैवशाला आली. दिवाळी झाली की नवराबायको ऊसतोडीला जाणार. पोरीला मागे ठेवायचंय. शाळेच्या हंगामी वसतिगृहात जागा आहे, पण दम्याचं लेकरू ठेवायला तिथल्या बाई घाबरतात. पंप कधी द्यायचा, धाप वाढली तर काय करायचं, एवढं मी लिहून दिलं तर ठेवून घेतील. दैवशाला म्हणाली, डाक्टरसाब, तिकडं पाचटाच्या कोपीत ऱ्हावं लागतं, लय धूर. मागल्या साली लेकरू धापा टाकू टाकू अर्धं झालं. कागुद द्या, म्हंजे मी निर्धास्त जाते. पोरगीबी म्हनायलीय, मला हितंच ऱ्हाऊ दे.
हेच ते! साध्या लेटरहेडवर उरकणं बरोबर वाटेना. आठवडाभरात देतो म्हणालो. खास फॉर्म छापून घेणार, चार रंगांत. हिरवा म्हणजे शाळेत जा, पिवळा म्हणजे पंप, लाल म्हणजे दवाखाना. चौथा रंग विचाराधीन.

२४ ऑक्टोबर
दिवाळीमुळे प्रेस बंद. माझा फोटो उजवीकडे की डावीकडे, ठरत नाही. रेणुका म्हणाली, पोरीला पत्र देताय की स्वतःची लग्नपत्रिका छापताय? बायकोला पब्लिक हेल्थ कळत नाही.
परभणीला डॉक्टरांची कार्यशाळा आहे, १६ नोव्हेंबरला. माझं भाषण, पंधरा मिनिटं: 'शाळेतील गैरहजेरी आणि बालरोगतज्ज्ञ'. चौथ्या स्लाइडवर राजेश्री.

३१ ऑक्टोबर
दैवशाला दोनदा येऊन गेली म्हणे. एकदा मी स्लाइड करत होतो, एकदा दुपारची विश्रांती. शेवटी बन्सीधरने मार्ग काढला. तिला छापील सर्टिफिकेट दिलं: 'आजारी असल्याने विश्रांतीची गरज आहे.' असं एक पॅड मी सह्या करून ड्रॉवरमध्ये ठेवतो. गर्दीत वेळ वाचतो. तिला वाचता येत नाही. शिक्का बघून तिने कागद कपाळाला लावला म्हणे. रिकाम्या हाताने तर गेली नाही.

७ नोव्हेंबर
आनंदाची बातमी. सुकेशनी मॅडमच्या शाळेत 'विनाकारण गैरहजर' फक्त दोन! गेल्या वर्षी याच दिवसांत तेवीस होते. मुख्याध्यापकांनी स्वतः कळवलं, आभारही मानले. आकडा चौथ्या स्लाइडवर घेतला.

१२ नोव्हेंबर, बुधवार
सुकेशनी मॅडम दवाखान्यात आल्या. बसा म्हटलं, बसल्या नाहीत. त्यांच्याकडून कळलं ते असं: कागद असला की पटावरून नाव कमी होत नाही, हे समजल्यावर दैवशालामागून बाकीच्या आयाही आल्या आणि बन्सीधरने एकूण एकवीस सर्टिफिकेटं वाटली. एकवीस मुलं उसाच्या फडात, रजिस्टरात माझ्या सहीने आजारी.
राजेश्रीही त्यातच. विश्रांतीची गरज असलेलं आजारी लेकरू आम्ही कसं सांभाळणार, असं वसतिगृहाच्या बाईंनी तोच कागद वाचून म्हटलं. पोरगी ट्रॅक्टरवर बसून गेली. पंप जेमतेम महिनाभर पुरेल.
बन्सीधरला झापलं. तो म्हणाला, सर, माझ्यावर कशाला वरडायलाव, सह्या तर तुमच्याच हायती.
संध्याकाळी पत्र लिहिलं. साध्या लेटरहेडवर, पाच ओळी. चार मिनिटं लागली. कुठे पाठवू म्हणून मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, टोळी आज कुठल्या फडात आहे ते मुकादमालाच ठाऊक, आणि तो फोन उचलत नाही.
टोळी उन्हाळ्यात परतेल. तोवर सहावी संपलेली असेल.
भाषण रविवारी. चौथी स्लाइड बदलायला हवी. शनिवारी बघतो.