तोमिएबाईंचा चेहरा, दहापैकी दोन

६ ऑक्टोबर, टोकियो

पुन्हा मेण! यंत्राने घासून चेहरे मेणासारखे गुळगुळीत केलेले. सार्वजनिक न्हाणीघरात घडणाऱ्या त्या जुन्या विनोदपटाची नवी डिस्क पडदे ओढून पाहिली. वेष्टनावर लिहिलंय, मूळ निगेटिव्हवरून जीर्णोद्धार. काळ्या-पांढऱ्यातली ती वाफ — वा! फरशीवरचे थेंब मोजून घ्यावेत. आणि मधोमध तोमिएबाई, सोललेल्या उकडल्या अंड्यासारख्या!

बाई यात मोलकरीण आहेत. तोंडभर देवीचे व्रण, रंगवलेले नव्हेत, खरेच. नायक तो चेहरा जवळून पाहतो, दचकतो, धाडकन हौदात पडतो. १९५७ पासून लोक इथेच हसत आले. आता व्रणच नाहीत. मग पडतो कशाला? साबणावरून घसरला असेल बापडा.

७ ऑक्टोबर

संपादक इसोगाईंना गुण कळवले.

"चित्राला दोन? अहो, मागच्या पानावर जाहिरात त्या डिस्कवाल्यांचीच आहे!"

"मग दीड करू?"

"नको, नको. दोनच असू देत."

आम्ही परीक्षण लिहितो, स्तोत्र नव्हे.

९ ऑक्टोबर

लिहून टाकलं. 'धूळ कुठली आणि माणूस कुठला, हे यंत्राला कळत नाही. यंत्र चालवणाऱ्यालाही कळलेलं दिसत नाही. जिच्या चेहऱ्यावर हा विनोद उभा होता, तिचा हा अपमान आहे.' शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. आवडलं. या बाईंची बाजू दुसरं कोण घेणार!

१० ऑक्टोबर

दाढ ठणकते आहे.

२१ ऑक्टोबर

अंक बाहेर पडून चार दिवस झाले. वाचकांची पत्रंही आली — सगळी माझ्या बाजूने. इसोगाई खूश. जाहिरात गेली, तरी खूश!

२४ ऑक्टोबर

दुपारी नूडल्सच्या दुकानात कुवाबारा दिसले. जीर्णोद्धार त्यांचाच. मी वाडग्यात तोंड घातलं. त्यांनी शेजारचंच स्टूल ओढलं.

"व्रण आम्ही ठेवले होते, साहेब. एकूण एक."

"मग काढले कोणी?"

"तोमिएबाईंनी. एक्क्याण्णव वर्षांच्या. चाकाच्या खुर्चीतून आल्या, दोन दिवस पडद्यासमोर बसल्या. काठीने दाखवायच्या — हा काढ. हाही. अरे, जरा खाली, आंधळा आहेस का!"

मी काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

"शेवटचा गेला तेव्हा म्हणाल्या, आता हसा म्हणावं. कुणाला सांगू नका, असंही म्हणाल्या होत्या. पण तुम्ही अपमान लिहिलंत..."

नूडल्स तशाच राहिल्या.

२७ ऑक्टोबर

कुवाबारांचा फोन. बाईंना नातीने परीक्षण वाचून दाखवलं. व्रण परत घालता येतील का, विचारत होत्या.