कागदाबाहेरचा ठिपका

गडचिरोली
१४ डिसेंबर १९९९

अंगणवाडीच्या प्रेमिलाबाईंना शफीचा सलाम.

इथं सगळं ठीक. तक्रार एकच, पण राष्ट्रीय महत्त्वाची: कचेरीत लाल पेन्सिल नाही. सहा महिन्यांत तीन अर्ज केले. उत्तर आलं, 'निळ्यानं भागवा.' आलेखात मुलगे निळे, मुली लाल. निळ्यानं भागवलं तर सगळे मुलगेच होतील. काही घरांत पेढे वाटतील, पण आलेख बिघडेल त्याचं काय?

तुमच्याकडच्या रक्ततपासणीत माझी लाल संपली, तेव्हा तुमच्या लेकीनं, जयानं आपली दिली होती. म्हणाली, "काका, वापस आणून द्याल. हापिसवाले इसरतात."

तो आलेख आता भिंतीवर आहे. खाली चार रकाने: बोडीवर, म्हणजे गावतळ्यावर, मासे धरणाऱ्या गावांतले मुलगे, तिथल्याच मुली, मग शेतीच्या गावांतले मुलगे, मुली. उभ्या रेघेवर हिमोग्लोबिन. एक लेकरू, एक ठिपका. तीन रकाने वर तरंगतात, तुमच्या बोडीवरच्या मुली तळाशी. पाहुणे 'छान' म्हणतात, चहा पितात.

आठच्या खालचे लाल ठिपके पाहून मी दवाखान्यात न्यायच्या मुलींची यादी केली. सतरा नावं.

आता लिहूनच टाकतो. कागद आखूड, म्हणून उभी रेघ मी सहापासून सुरू केली होती. जयाचं हिमोग्लोबिन चार पूर्णांक एक. ठिपका कागदाबाहेर जात होता. साहेब म्हणाले, "एका ठिपक्यासाठी नवा कागद? सोडा." सोडला. यादी आलेखावरून केली, तपासणीच्या वहीवरून नाही.

यादीतल्या मुलींना दवाखान्यात नेणारी गाडी सुटताना तुम्ही विचारलं, "शफीभाऊ, जयाचं नाव काऊन नाई?"

मी म्हणालो, "नाई म्हणजे चांगलंच, बाई."

वही माझ्या पिशवीत होती. उघडली नाही.

दिवाळीत जया गेल्याचा तुमचा निरोप मिळाला. मी आलो नाही. कचेरीत काम होतं असं कळवलं. काम नव्हतं.

काल आलेखाच्या खाली दुसरा कागद चिकटवला. रेघ शून्यापर्यंत ओढली. बाकी सगळ्या मुली जयाच्याच पेन्सिलीनं काढल्या होत्या, एकटी जयाच राहिली होती. तिचा ठिपका काढला. साहेबांनी विचारलं, "हे खाली काय लटकवलं?" मी म्हटलं, "जया." ते चहा प्यायला गेले.

पेन्सिल सोबत पाठवतो. बोटभर उरली आहे. टोक करून दिलं आहे.

यादी करणारा,
शफी